जबाब

गेली बारा वर्षं मी कंपन्यांचे वार्षिक अहवाल मराठीत आणायचं काम करते. सगळा अहवाल नव्हे. आकड्यांची पानं सहसा कोणी मराठीत मागत नाही. मागतात ते 'समाजासाठी आम्ही' छापाचं प्रकरण, कारण ते कारखान्याच्या आसपास वाटायचं असतं. असं एक प्रकरण वाचलं की सगळी वाचल्यासारखी होतात. नळाखाली हात धुणारी मुलं, शिवणयंत्रांमागे ओळीने बसलेल्या बायका, रोपट्याला पाणी घालणारे संचालक. रोपटं एक आणि झारीला हात लावलेली माणसं सहा. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत असतात. एखादीच बाई यंत्राकडे बघत असते. तिला बहुधा खरंच शिवायचं असतं.

पहिल्याच वर्षी एका तक्त्यापाशी मी अडले. 'या वर्षी इतक्या लाख आयुष्यांना आमचा स्पर्श झाला' असा त्याचा मथळा. हा स्पर्श मोजला कसा, असं मी विचारलं. उत्तर आलं, की शिबिराला आलेल्यांची हजेरी गुणिले पाच. घरची माणसं धरायची. म्हणजे डोळे तपासायला आलेल्या आजोबांमुळे दूर कुठेतरी शिकणाऱ्या नातवालाही स्पर्श झालेला होता, त्याला पत्ताच नव्हता. मी निमूटपणे आकडा उतरवून दिला.

खरी कुरबुर झाली ती एका शब्दावरून. मूळ मजकुरात कंपनीच्या सामाजिक 'रिस्पॉन्सिबिलिटी'बद्दल दोन परिच्छेद होते, मी सरळ 'जबाबदारी' लिहिलं. दोन दिवसांनी जनसंपर्क विभागातल्या एका तरुणाचा फोन. "मॅडम, मजकूर छान झालाय. फक्त ते 'जबाबदारी' जरा जड वाटतंय हो. म्हणजे आपल्याकडून काहीतरी झालंय आणि आता आपण निस्तरतोय, असं. 'बांधिलकी' चालेल का?"

चालेल म्हटलं. न चालायला काय झालं? 'सामाजिक बांधिलकी' हा तर सवयीचा शब्द, सत्काराचं एकही भाषण त्याच्यावाचून पुरं होत नाही. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, पोराचा कान तयार आहे. त्याला जे ऐकू आलं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जबाबदारीत जबाब आहे. पोलीस जबाब नोंदवतात, साक्षीदार जबाब देतो. जबाब आपण होऊन देता येत नाही, आधी कोणीतरी विचारावं लागतं, आणि विचारणाऱ्याला टाळता येऊ नये अशी व्यवस्था असावी लागते. संस्कृत वळणाचं 'उत्तरदायित्व' घेतलं तरी सुटका नाही, तिथेही उत्तर आहेच. इंग्रजी शब्दाच्याही पोटात 'रिस्पॉन्स' बसलेला आहे. 'बांधिलकी'त मात्र विचारणारा कोणी नाही. दोरी माझी, गाठ माझी, आणि सैल कधी करायची तेही मीच ठरवणार.

त्या वर्षी अपवाद म्हणून ताळेबंदाचा गोषवाराही मराठीत हवा होता. तिथे 'दायित्वे' हा शब्द आला. दायित्वाच्या रकान्यात सगळं चोख होतं: कोणत्या प्रकारचं देणं, किती, केव्हापर्यंत. बँक कर्ज विसरत नाही आणि कंपनीलाही विसरू देत नाही. तीस पानं पुढे गेल्यावर 'सामाजिक दायित्व'. तिथे रक्कम होती, छायाचित्रं होती, पण देणं कोणाचं आणि कशापोटी, हे कुठेच नव्हतं. एकाच अहवालात एकाच शब्दाचे दोन अर्थ. पहिल्या अर्थी दायित्व चुकवलं तर जप्ती येते, दुसऱ्या अर्थी पार पाडलं तर पुरस्कार मिळतो. तेव्हापासून मला हा विषय सुटलेला नाही.

भारतात हा खर्च आता ऐच्छिक नाही. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४पासून लागू झालं. नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एखादी रेषा ओलांडणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. कायद्याला जोडून आलेले नियम मी पहिल्यांदा वाचले ते शब्द शोधायला, पण दोन तरतुदींवर थांबले. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम या खर्चात धरत नाहीत. आणि निव्वळ स्वतःच्या कामगारांच्या फायद्यासाठी केलेलं कामही धरत नाहीत. हेतू रास्त आहे. नाहीतर उपाहारगृहाचं बिलही समाजकार्यात लागलं असतं. परिणाम मात्र असा, की सामाजिक जबाबदारी कायद्याच्या व्याख्येनेच कारखान्याच्या फाटकाबाहेर सुरू होते. आत शंभर रुपये कसे कमावले हा दुसऱ्या खात्याचा विषय. बाहेर दोन रुपये कसे वाटले त्याचं रंगीत पुस्तक.

सुरुवातीला हा कायदा म्हणत होता: खर्च करा, आणि केला नसेल तर का नाही ते संचालक मंडळाच्या अहवालात लिहा. ही दुसरी अर्धी ओळ मला आवडायची, तिच्यात जबाब होता. मी उतरवलेल्या जबाबांपैकी बहुतेक 'योग्य प्रकल्पाच्या शोधात आहोत' या धर्तीचे होते ही गोष्ट वेगळी. जानेवारी २०२१पासून न खर्चलेली रक्कम ठरलेल्या निधीत भरावी लागते, नाहीतर दंड. वसुली पक्की झाली, चांगलं झालं. कारण अजूनही लिहायचं असतंच, पण चलन भरलेलं असल्यावर ते वाचतो कोण?

हे सगळं लिहिताना स्वतःलाच बजावून ठेवते: या पैशातून आलेली डायलिसिसची यंत्रं मी चालताना पाहिली आहेत. त्या खाटेवर पडलेल्या माणसाला माझ्या शब्दांचा कीस काढण्याशी काही देणंघेणं नाही.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७०मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिक पुरवणीत लिहिलं, की धंद्याची सामाजिक जबाबदारी एकच, नफा वाढवणं. एवढं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याला जोडलेली अट, खेळाच्या नियमांत राहून, सहसा गळते. गरीब देशात गाडं नेमकं तिथे अडतं. नियम करणारं सरकार, कारखाने तपासणारे निरीक्षक मूठभर, आणि समोर अशी कंपनी, की ती 'शेजारच्या देशात जातो' म्हणाली तर मंत्र्याची झोप उडावी. पंचाला घरून मैदानावर आणायची गाडीच खेळाडूची असेल तर नियमात राहून खेळणं फार सोपं जातं.

तरी माझ्या डोक्यात हा विषय पक्का बसला तो कायद्यामुळे किंवा फ्रीडमनमुळे नाही. एका बँकेमुळे.

२३ एप्रिल २०१३, मंगळवार. ढाक्याजवळच्या सावार इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले. त्या दिवशी तिला तडे गेले. पाहायला आलेल्या अभियंत्याने इमारत रिकामी करायला सांगितलं. खालच्या मजल्यांवर दुकानं आणि एका बँकेची शाखा होती, ती बंद झाली. बँकेने आपल्या माणसांना घरी पाठवलं. वर कपडे शिवणारे पाच कारखाने होते. तिथल्या कामगारांना बुधवारी सकाळी कामावर बोलावलं गेलं, काहींना पगार कापायची धमकी देऊन. वीज गेली. डिझेलचे जनरेटर सुरू झाले. नऊच्या सुमारास इमारत खाली बसली. १,१३४ माणसं मेली.

बँकेतला कारकून आणि शिलाईवरची मुलगी, दोघांनाही एकच तडा दिसला होता. इमारत एक, अभियंता एक, इशारा एक. पण त्या कारकुनाला काही झालं असतं तर बँकेला कोणीतरी विचारलं असतं, आणि बँकेला ते ठाऊक होतं. मुलीच्या बाबतीत विचारणारं कोण होतं? मुकादमाला वरून विचारणा होणार होती ती मालाची. तारीख चुकली तर माल विमानाने पाठवा, खर्च तुमचा; नाहीतर ऑर्डर रद्द. म्हणजे त्या सकाळी कारखान्यातही जबाबदारी होतीच. उलट ती काटेकोर होती, फक्त दुसऱ्या दिशेने वाहत होती.

नंतरचं जे आहे ते मला जास्त टोचतं. हे कपडे कोणासाठी शिवले जात होते, याची कबुली सगळ्यांनी दिली नाही. आमचं तिथे काम नव्हतंच, असं कोणी म्हणालं. ठेकेदाराने आम्हाला न विचारता परस्पर तिथे काम दिलं, असं कोणी म्हणालं. मग कार्यकर्ते आणि पत्रकार ढिगाऱ्यात फिरून लेबलं आणि ऑर्डरचे कागद गोळा करत राहिले. शर्टाच्या कॉलरला लावायची ती बोटभर पट्टी, जिच्यावर धुण्याच्या सूचना असतात, ती पुरावा झाली.

मृतांच्या घरच्यांना आणि जखमींना पैसे मिळावेत म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या देखरेखीखाली निधी उभा राहिला. त्याचं नाव 'राणा प्लाझा डोनर्स ट्रस्ट फंड'. डोनर्स, देणगीदार! ऋणको नव्हे, प्रतिवादी नव्हे. ३ कोटी डॉलरचं उद्दिष्ट पुरं व्हायला जून २०१५ उजाडला, आणि ते पुरं झालं एका मोठ्या निनावी देणगीने. निनावी दान म्हटलं की आपल्याला गुप्तदानाचं पुण्य आठवतं. इथे नाव सांगणं म्हणजे आपण त्या यादीत होतो हे सांगणं होतं.

मात्र त्याच दुर्घटनेतून दुसरीही एक गोष्ट निघाली, आणि ती मला गेल्या काही दशकांतली सगळ्यात महत्त्वाची वाटते. मे २०१३मध्ये खरेदीदार कंपन्या आणि कामगार संघटनांनी आग आणि इमारत सुरक्षेचा 'अकॉर्ड' केला. पुढे २००हून अधिक कंपन्या त्यात आल्या. हा करार सद्भावनेचा नव्हता, बंधनकारक होता. १,६००हून अधिक कारखाने तपासले गेले, तपासणीचे अहवाल जाहीर झाले, धोकादायक जागी काम नाकारायचा हक्क कामगाराला लेखी मिळाला. आणि कंपनीने शब्द पाळला नाही तर कामगार संघटनेला लवादाकडे जाता येणार होतं. दोन प्रकरणं खरोखरच हेगच्या लवाद न्यायालयापर्यंत गेली आणि तडजोडीने मिटली. त्या कंपन्यांची नावं गुप्त ठेवली गेली, तेवढी खोड काही जात नाही. पण विचारणारा मेजाच्या पलीकडे येऊन बसला होता आणि त्याच्याकडे कागद होता. तडा गेलेल्या खांबाजवळ उभ्या असलेल्या मुलीला झारीतलं पाणी नको होतं, एवढंच हवं होतं: 'मी आत जाणार नाही' असं म्हणता यावं.

तपासणी हा शब्द मी सहज लिहून गेले, पण तपासणी-तपासणीत फरक असतो. सप्टेंबर २०१२मध्ये कराचीत अली एंटरप्रायझेस या कपडे कारखान्याला आग लागली, २५०हून अधिक माणसं मेली. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच कारखान्याला 'एसए ८०००' हे कामाच्या परिस्थितीबद्दलचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेलं होतं. आग खंडणीसाठी लावली गेली, असा निकाल न्यायालयाने २०२०मध्ये दिला. पण माणसं बाहेर का पडू शकली नाहीत याचं उत्तर खिडक्यांच्या गजांत आणि बंद दारांत होतं, आणि प्रमाणपत्र देणाऱ्यांना ते दिसलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. कारखानदार तपासणीचे पैसे भरतो, खरेदीदाराला फाईल हवी असते, तपासणारा फाईल देतो. आत शिवणाऱ्या माणसाला त्या फाईलमध्ये काय लिहिलंय हे कधी कळत नाही.

आता एवढं वाचून कोणी म्हणेल, की मग हे कारखानेच नकोत. माझ्या घरातच असं म्हणणारे आहेत. मी पूर्वी मान डोलवायची, आता नाही डोलवत.

बांगलादेशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून अधिक वाटा कपड्यांचा आहे. या कारखान्यांत लाखो बायका काम करतात आणि त्यांतल्या पुष्कळजणींच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले ते याच यंत्रांमुळे. लग्न लांबलं, शिक्षण वाढलं, घरात आवाज आला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून आपण हे उडवून लावू शकत नाही, कारण विटेवर डोकं ठेवणाऱ्याला तो फरक कळतो. हा उद्योग तिथे रुजला कसा, ती गोष्ट तर मी कुठल्याही 'समाजासाठी आम्ही' प्रकरणापेक्षा आवडीने सांगेन. देश गारमेंट्स या बांगलादेशी कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १९७९मध्ये आपली १३० माणसं पुसानला शिकायला पाठवली. त्यात देवूचा स्वार्थ होता. श्रीमंत देशांनी कोरियाच्या कपड्यांवर कोटा लावलेला होता, बांगलादेशावर तो नव्हता. माणसं शिकून परतली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी नोकरी सोडून स्वतःचे किंवा दुसऱ्यांचे कारखाने उभे केले. कापड कसं बेतायचं, यंत्रांची ओळ कशी लावायची, पतपत्र म्हणजे बँकेची पैशाची हमी कशी उघडायची, हे ज्ञान असं गळून गळून देशभर पसरलं. देवूच्या कुठल्या अहवालात त्यांना 'स्पर्श झालेली आयुष्यं' म्हणून मोजलं असेल असं मला वाटत नाही. विकास कधीकधी असा मालकाच्या मुठीतून निसटलेला असतो.

आणि बाहेरून दाखवलेला कळवळाही नेहमी कामाला येतो असं नाही. १९९२मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये टॉम हार्किन यांनी बालमजुरीने बनलेला माल रोखणारं विधेयक आणलं. ते संमत झालं नाही, पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कारखान्यांनी हजारो मुलांना काढून टाकलं. युनिसेफने नंतर शोध घेतला तेव्हा त्यांतली कित्येक मुलं शाळेत नव्हे तर दगड फोडताना किंवा त्याहून वाईट ठिकाणी सापडली. आगीतून फुफाट्यात. १९९५मध्ये मालकांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी एकत्र बसून मुलांना शाळा आणि थोडा भत्ता द्यायचं ठरवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. कोकोचंही तसंच. पश्चिम आफ्रिकेतल्या कोकोच्या मळ्यांतली बालमजुरीची सर्वांत वाईट रूपं २००५पर्यंत संपवू, असा शब्द चॉकलेट कंपन्यांनी २००१मध्ये दिला होता. मुदत वाढली, मग पुन्हा वाढली, मग उद्दिष्टच खाली आणलं. शब्द न पाळल्याबद्दल विचारणार कोण, हे त्या शब्दात कुठे लिहिलेलंच नव्हतं.

खरेदीदार कंपनीची एकच इमारत असते आणि तिच्या दोन मजल्यांवर दोन विभाग असतात. एक विभाग पुरवठादाराला आचारसंहिता पाठवतो: जादा काम लादू नका, दारं उघडी ठेवा, किमान वेतन द्या. दुसरा, खरेदी विभाग, त्याच पुरवठादाराला लिहितो: मागच्यापेक्षा पाच टक्के कमी आणि दोन आठवडे लवकर. मी ज्यांचे अहवाल करते त्यांच्यातही हे असतं, मी दोन्ही प्रकारची पत्रं पाहिली आहेत. अहवालात अर्थात पहिलंच येतं. मार्च २०२०मध्ये करोनाने दुकानं बंद झाली तेव्हा खरेदीदारांनी बांगलादेशातल्या सुमारे ३ अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबवल्या, असं तिथल्या निर्यातदारांच्या संघटनेने सांगितलं. त्यांत कापून, शिवून तयार असलेला मालही होता. त्या आठवड्यात कोणत्या मजल्याचं पत्र खरं हे सगळ्यांना कळलं.

भोपाळबद्दल मी लिहिणार नव्हते, कारण त्याबद्दल काही लिहिलं की अपुरं वाटतं. पण जबाब हा शब्द धरून बसल्यावर ते टळत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधली रात्र. युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडमध्ये अमेरिकी मूळ कंपनीचा हिस्सा ५०.९ टक्के होता. नफ्याच्या वाट्यासाठी ते अर्ध्याहून जास्त होतं, दोषाच्या वाट्याची वेळ आली तेव्हा ती 'स्वतंत्र भारतीय कंपनी' झाली. मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन काही दिवसांत भारतात आले, अटक झाली, जामीन मिळाला, परत गेले. १९९२मध्ये भोपाळच्या न्यायालयाने त्यांना फरारी घोषित केलं. २०१४मध्ये ते वारले. जबाब नोंदवायला आले नाहीत. ४७ कोटी डॉलरची तडजोड १९८९मध्ये झाली होती. ती वाढवून मागणारी सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३मध्ये फेटाळली. म्हणजे ज्या रकमेवर प्रश्न मिटला, तो प्रश्न विचारून व्हायच्या आत मिटला होता.

भोपाळनंतर वर्षभराने दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायू गळला, त्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने सांगितलं, की घातक उद्योगातून इजा झाली तर काळजी घेतली होती ही सबबसुद्धा चालणार नाही. इंग्रजीत त्याला 'अॅब्सोल्यूट लायबिलिटी' म्हणतात, मराठीत पूर्ण दायित्व. ताळेबंदातलं दायित्व. दोन अर्थांतला हरवलेला दुवा मला तिथे सापडला असं वाटलं.

पण जे सापडल्यावर मी खुर्चीतून उठले ते वेगळंच होतं. झांबियात चिंगोला नावाचं खाणशहर आहे. तिथल्या तांब्याच्या खाणीतून सुटणाऱ्या सांडपाण्याने आमच्या पाण्याची आणि शेतीची वाट लागली, असं सांगत १,८२६ गावकरी लंडनच्या न्यायालयात गेले, कारण खाण चालवणाऱ्या कोंकोला कॉपर माइन्सची मूळ कंपनी वेदान्त तिथे नोंदलेली होती. कंपनीचा बचाव ओळखीचा: ती वेगळी कंपनी, तो वेगळा देश, तुम्ही तिथेच दाद मागा. १० एप्रिल २०१९ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने खटला तिथे चालू शकतो असा निकाल दिला. मूळ कंपनीची जबाबदारी मानायला वाव आहे, हे न्यायमूर्तींनी कशावरून ठरवलं? बऱ्याच अंशी कंपनीनेच छापलेल्या मजकुरावरून. शाश्वततेबद्दलच्या प्रकाशनात वेदान्तने लिहिलं होतं, की उपकंपन्यांत पर्यावरणाचे निकष पाळले जातील हे आम्ही पाहतो. न्यायालय म्हणालं, तुम्हीच तर सांगितलंय. गावकऱ्यांची गरिबी आणि असा खटला लढवू शकणाऱ्या अनुभवी वकिलांची झांबियातली वानवा पाहता तिथे त्यांना खरा न्याय मिळणं कठीण, हेही त्यांनी नोंदवलं. पुढे जानेवारी २०२१मध्ये दोष मान्य न करता प्रकरण तडजोडीने मिटलं, रक्कम जाहीर झाली नाही.

मी निकालाचा तो परिच्छेद तीनदा वाचला. गुळगुळीत कागदावरचं, हसऱ्या छायाचित्रांच्या मधल्या जागेत भरायचं म्हणून लिहिलेलं वाक्य. मी असली वाक्यं बारा वर्षं उतरवत आले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ती कोणी वाचत नाही हे गृहीत धरूनच. चिंगोलाच्या लोकांच्या वतीने कोणीतरी ते वाचलं होतं. शब्दाला धरून.

त्यानंतर माझ्या कामात बाहेरून दिसणार नाही असा एक फरक पडला. पूर्वी मूळ इंग्रजीत 'आम्ही खात्री करतो' असलं तर मी लय साधायला म्हणून 'आम्ही सदैव तत्पर आहोत' असं काहीतरी गोड लिहून टाकायची. आता 'खात्री करतो' म्हणजे खात्री करतो. क्रियापदाला मी हात लावत नाही.

या वर्षीच्या मसुद्यात असंच एक वाक्य होतं: आमच्या सर्व पुरवठादारांकडे कामाची जागा सुरक्षित आहे, याची आम्ही खात्री करतो. मी ते जसंच्या तसं मराठीत आणलं आणि पाठवून दिलं. आठवड्याने मजकूर परत आला. पहिल्यांदाच त्यावर जनसंपर्काऐवजी विधी विभागाचे शेरे होते, लाल अक्षरांत. सगळ्या प्रकरणात बदल एकच. 'खात्री करतो' खोडून तिथे 'प्रयत्नशील राहतो' लिहिलं होतं. समासात सूचना: मूळ इंग्रजीतही दुरुस्ती केली आहे, कृपया जुनी प्रत नष्ट करावी.

त्या तरुणाला मी फोन केला. आता तो विभागाचा प्रमुख झाला आहे. म्हटलं, "अहो, हे जबाबदारीपेक्षाही जड वाटलं का?"

तो हसला. म्हणाला, "मॅडम, आता लोक वाचायला लागलेत ना."

दुरुस्ती मी करून दिली. जुनी प्रत मात्र अजून माझ्याकडे आहे.